टेस्टोस्टेरॉन ताटातून येत नाही, पण ताटामुळे कमी होऊ शकतं

मागच्या वर्षी सारखा थकवा वाटायला लागला म्हणून मी डॉक्टरांना न विचारता स्वतःच जाऊन टेस्टोस्टेरॉनची, म्हणजे मुख्य पुरुषी हॉर्मोनची, टेस्ट करून आलो. कधी, तर दुपारी चारला, भरपेट जेवून आणि वर गोड हाणून. रिपोर्ट आला 271. खाली नॉर्मल रेंज छापलेली 264 ते 916, म्हणजे काठावर पास. त्या रात्री झोप कसली लागतेय, मोबाइलवर 'टेस्टोस्टेरॉन वाढवणारे दहा पदार्थ' छापाचं जे मिळेल ते वाचत बसलो आणि पहाटेपर्यंत यादी तयार, कांदा, लसूण, आलं, डाळिंब, अंडी, भोपळ्याच्या बिया आणि अजून काय काय. मग ती यादी घेऊन डॉक्टरांकडे गेलो तर त्यांनी यादीकडे बघितलंच नाही, रिपोर्टवरची वेळ बघितली आणि विचारलं, जेवून गेला होतात का? पंधरा दिवसांनी सकाळी साडेसातला उपाशीपोटी परत रक्त दिलं. आकडा 438. मधल्या पंधरा दिवसांत मी एक डाळिंबसुद्धा सोललं नव्हतं.

झालं असं होतं की टेस्टोस्टेरॉन दिवसभर एका पातळीवर राहत नाही, सकाळी सगळ्यात जास्त असतं आणि संध्याकाळपर्यंत उतरत जातं, तरुण माणसात हा उतार चांगला ठसठशीत असतो. त्यात जेवणाची भर. पुरुषांना 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून नंतर दर थोड्या वेळाने रक्त तपासलं तर टेस्टोस्टेरॉन सरासरी 25 टक्क्यांनी खाली आलेलं दिसलं, तेही डायबेटिस असो वा नसो. म्हणून टेस्ट सकाळी लवकर, उपाशीपोटी, आणि आकडा कमी आला तर वेगळ्या दिवशी परत एकदा, असा नियम आहे. मला याची गंमत वाटली, मी आकडा वर न्यायला काय खाऊ म्हणून शोधत होतो आणि खाल्ल्यामुळेच तो खाली आलेला.

तर काय खावं हे बोलायच्या आधी हे हॉर्मोन तयार कसं होतं ते थोडं बघू, कारण ते एकदा कळलं की वरच्या त्या यादीतलं निम्मं आपोआप गळून पडतं.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग आहे. तो दर दीड-दोन तासांनी एक छोटा रासायनिक ठोका देतो. त्या ठोक्याने खालची पिट्युटरी ग्रंथी जागी होते आणि रक्तात एलएच नावाचं हॉर्मोन सोडते, ते वाहत वाहत वृषणात पोचतं, तिथे लायडिग पेशी नावाच्या पेशी असतात (फ्रान्झ लायडिग या जर्मन शास्त्रज्ञाने 1850 मध्ये त्या दाखवल्या म्हणून त्याचं नाव) आणि या पेशी कोलेस्टेरॉल घेऊन त्याचं टेस्टोस्टेरॉन बनवतात. दिवसाला किती, तर साधारण 5 ते 7 मिलिग्रॅम, चिमूटभर मीठसुद्धा याच्यापेक्षा कितीतरी जड असतं. तयार झालेलं टेस्टोस्टेरॉन फिरून मेंदूपर्यंत गेलं की मेंदू बघतो, पुरेसं आहे, आणि ठोके मंद करतो. कमी पडलं की परत वाढवतो. म्हणजे किती बनवायचं हे मेंदू ठरवतो, वृषणं फक्त ऑर्डर पुरी करतात.

आता यावरून एक जुनी समजूत बघा, की ज्या अवयवाची ताकद हवी तो अवयव खावा. 1889 मध्ये ब्राउन-सेकार नावाच्या 72 वर्षांच्या नामवंत शास्त्रज्ञाने कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि मी परत तरुण झालो म्हणून जाहीर केलं. पण त्याने अर्क काढलेला पाण्यात आणि टेस्टोस्टेरॉन पाण्यात नीट विरघळतच नाही, त्यामुळे त्या सुईतून त्याला मिळालं असेल ते मुख्यतः समाधान. पुढे 1935 मध्ये अॅमस्टरडॅममध्ये अर्न्स्ट लाकरच्या टीमने शुद्ध टेस्टोस्टेरॉन वेगळं केलं तेव्हा 100 किलो बैलांच्या वृषणांतून हाती लागलं फक्त 10 मिलिग्रॅम, म्हणजे एका माणसाचं दीड-पावणेदोन दिवसांचं उत्पादन. वृषणात ते साठवलेलंच नसतं, बनलं की लगेच रक्तात जातं. आणि तोंडावाटे जे थोडंफार जाईल ते लिव्हर पहिल्याच फेरीत मोडून टाकतं. त्यामुळे हे हॉर्मोन खाऊन वाढवायचा रस्ता इथेच बंद.

मग जेवणाचा संबंध येतो कुठे? मेंदूच्या त्या ठोक्यापाशी. मेंदू ठोका देताना शरीरात इंधन किती आहे, साठा किती आहे, आजारपण आहे का, झोप झालीय का, हे सगळं विचारात घेत असतो. पोरं जन्माला घालायची तयारी हा शरीरासाठी चैनीचा खर्च आहे, घरात तंगी आली की आधी चैन बंद होते तसंच. आणि आपल्याला वाटतं त्याच्या उलट, तंगी जशी उपासमारीने येते तशीच गडबड अति खाण्यानेही होते. ही दोन टोकं नीट समजली तर बाकी सगळे पदार्थ हे किरकोळ हिशोब आहेत असं माझं स्पष्ट मत.

आधी उपासमारीचं टोक, कारण जिमला जाणाऱ्या तरुण पोरांत मला हेच जास्त दिसतं. 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं, ते स्वतःहून तयार झालेले स्वयंसेवक होते आणि त्यांचं वजन जवळपास पाव भागाने उतरवलं. त्या काळात हॉर्मोन आजच्यासारखं मोजता येत नव्हतं, पण या तरुणांची कामेच्छा गेली, मुली दिसल्या तरी काही वाटेना, डोक्यात दिवसरात्र फक्त जेवण, काही जण तर रेसिपीची पुस्तकं जमवायला लागले. याच्यापेक्षा अलीकडचं एक उदाहरण आकड्यांसकट आहे. एका बॉडीबिल्डरची, जो स्टेरॉइड घेत नव्हता, स्पर्धेच्या आधीचे सहा महिने आणि नंतरचे सहा महिने अशी वर्षभर तपासणी झाली आणि ती 2013 मध्ये प्रसिद्ध झाली. अंगावरची चरबी 14.8 टक्क्यांवरून 4.5 वर आली, सिक्स पॅक असे की बोटाने मोजावेत, आणि टेस्टोस्टेरॉन? 922 वरून 227. म्हणजे स्टेजवर जो माणूस मर्दानगीचा पुतळा म्हणून उभा होता त्याच्या रक्तातला आकडा माझ्या त्या दुपारच्या रिपोर्टपेक्षाही खाली. स्पर्धा संपली, व्यवस्थित खायला लागला, चरबी परत आली आणि सहा महिन्यांत आकडाही जागेवर. त्याने काही खास पदार्थ खाल्ला नव्हता, फक्त पुरेसं खाल्लं.

म्हणून जो आधीच सडपातळ आहे, रोज दीड तास व्यायाम करतो, वर दिवसाला एकच जेवण आणि तेही उकडलेलं, आणि मग म्हणतो की हल्ली इच्छाच होत नाही, त्याला बिया आणि पावडरी सांगण्यात अर्थ नाही. त्याला जेवायला सांगा.

आता दुसरं टोक, पोट. वयानुसार टेस्टोस्टेरॉन हळूहळू उतरतं, तिशी-चाळिशीनंतर वर्षाला साधारण 1 टक्का, पण वाढलेलं वजन याच्यापेक्षा कितीतरी जास्त खाली खेचू शकतं, त्यामुळे वय झालं म्हणून आपण जे सोडून देतो त्यातलं बरंचसं खरं तर पोटाचं असतं. हे होतं ते बऱ्याच बाजूंनी. चरबीच्या पेशींत अॅरोमाटेज नावाचं एन्झाइम असतं, ते टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन (मुख्य स्त्री हॉर्मोन) करतं. पोटाच्या आतली चरबी सतत बारीक सूज असल्यासारखे सिग्नल सोडत राहते त्याने मेंदूचे ठोके मंदावतात. इन्सुलिन नीट काम करेनासं झालं की लिव्हर एसएचबीजी नावाचं प्रोटीन कमी बनवतं, आणि रक्तातलं बरंचसं टेस्टोस्टेरॉन याच प्रोटीनला चिकटून फिरत असतं, मोकळं असं जेमतेम 2 टक्क्यांच्या आसपास. इथे एक बारकावा आहे जो रिपोर्ट बघताना कामाला येतो, वजन जास्त असलेल्या माणसाचा एकूण आकडा कमी दिसतो तो कधी कधी नुसता एसएचबीजी कमी झाल्यामुळे, मोकळं टेस्टोस्टेरॉन ठीकच असतं, म्हणून डॉक्टर काही वेळा एसएचबीजी वेगळं तपासायला सांगतात. लॅबवाले जास्तीचे पैसे काढतायत असं प्रत्येक वेळी नसतं.

वजन उतरलं की काय होतं याचा हिशोबही झालेला आहे. बरेच अभ्यास एकत्र करून 2013 मध्ये जे विश्लेषण आलं त्यात कमी कॅलरीच्या आहाराने साधारण 10 टक्के वजन उतरवलेल्यांचं टेस्टोस्टेरॉन सरासरी 80 च्या आसपास वाढलं, आणि वजन उतरवण्यासाठी केलेल्या पोटाच्या ऑपरेशनने 30 टक्क्यांच्या आसपास वजन गेलेल्यांचं 250 च्या आसपास (नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे आपल्या रिपोर्टवर असतं तेच माप). कुठल्याही बियांनी, मुळ्यांनी, ज्यूसने असा आकडा दिलेला मला तरी माहीत नाही. 95 किलोच्या माणसाने 86 पर्यंत यायचं आहे, बास, तेही सहा-आठ महिने घेऊन, रोजच्या खर्चापेक्षा 400-500 कॅलरी कमी खाऊन. घाई केली की वरचं उपासमारीचं टोक वाट बघतंच आहे.

आता फॅट. कोलेस्टेरॉलपासून टेस्टोस्टेरॉन बनतं हे कळलं की लोक उडी मारतात, मग तूप-लोणी-अंडी हाणा, जितकं कोलेस्टेरॉल तितकं टेस्टोस्टेरॉन! तसं होत नाही. दिवसाच्या 5-7 मिलिग्रॅमसाठी कच्चा माल लागतो तो इतका थोडा की शरीर स्वतः बनवतं तेच पुरून उरतं. कोलेस्टेरॉल कमी करायची स्टॅटिन गोळी घेणाऱ्यांतसुद्धा टेस्टोस्टेरॉन कमी होतं ते अगदी नगण्य. अडचण येते ती फॅट एकदमच काढून टाकल्यावर. 2021 मध्ये 6 प्रयोग आणि 206 पुरुष मिळून एक विश्लेषण झालं, जेवणातल्या एकूण कॅलरीपैकी फॅटचा वाटा 40 टक्क्यांवरून 20 च्या आसपास आणला की टेस्टोस्टेरॉन 10 ते 15 टक्क्यांनी खाली. प्रयोग छोटे आहेत, काही बरेच जुने आहेत, आणि 500 चं 440 झालं तर माणसाला काही कळणारही नाही, त्यामुळे घाबरायचं काम नाही. पण ज्याचा आकडा आधीच 300 च्या काठावर आहे त्याने बिनतेलाचं जेवण हा प्रयोग करू नये. 2000 कॅलरी खाणाऱ्याला 30 टक्के म्हणजे 65-70 ग्रॅम फॅट, यात स्वयंपाकाचं तेल, दूध, दाणे, अंडी सगळं आलं. यातलं जास्तीत जास्त दाणे, बिया, मासे, चांगलं तेल यातून आलं तर हृदयही खूश. आणि हृदयाचा आणि इथला संबंध आहेच, कारण लिंगाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या हृदयाच्या नळ्यांपेक्षा बारीक असतात, त्या आधी तुंबतात. ताठरता येत नाही म्हणून जो माणूस टेस्टोस्टेरॉनची टेस्ट करतो त्याचं दुखणं बऱ्याच वेळा हॉर्मोनचं नसून रक्तवाहिन्यांचं असतं.

प्रोटीनचं पण तसंच, हवं पण त्याचं खूळ नको. 1987 च्या एका छोट्या प्रयोगात 7 पुरुषांना दहा-दहा दिवस दोन प्रकारचं जेवण दिलं, कॅलरी आणि फॅट सारखंच, फक्त एकात कार्ब जास्त आणि दुसऱ्यात प्रोटीन जास्त. कार्बवाल्या जेवणावर टेस्टोस्टेरॉन 468, प्रोटीनवाल्यावर 371. पुढचे अभ्यास एकत्र केल्यावर दिसलं की प्रोटीन एकूण कॅलरीच्या 35 टक्क्यांच्या वर गेलं आणि कार्ब एकदम कमी केले तर ही घसरण होते, 2000 कॅलरीत 35 टक्के म्हणजे 175 ग्रॅम प्रोटीन, साधं जेवणारा माणूस तिथे पोचतच नाही. किलोमागे एक-दीड ग्रॅम खाणाऱ्याने याची काळजी करायचं कारण नाही. हे फक्त त्यांच्यासाठी जे भात-भाकरी म्हणजे विष समजून दिवसभर चिकन आणि पावडरवर जगतात आणि संध्याकाळी जिममध्ये मरगळतात.

आता झिंक, ज्याची गोष्ट मला सगळ्यात आवडते. 1958 मध्ये आनंद प्रसाद नावाचे भारतात जन्मलेले डॉक्टर इराणमध्ये शिराझला काम करत होते, तिथे त्यांच्यापुढे 21 वर्षांचा एक तरुण आला जो दिसायला दहा वर्षांच्या मुलासारखा होता, उंची खुंटलेली, दाढी-मिशी नाही, जननेंद्रियांची वाढ नाही. जेवण म्हणजे जवळजवळ फक्त न आंबवलेल्या पिठाची रोटी, आणि माती खायची सवय. पुढे इजिप्तमध्ये अशाच मुलांना झिंक दिल्यावर ती उंच व्हायला लागली, वयात आली. माणसाला झिंक लागतं आणि ते कमी पडू शकतं हे जगाला कळलं ते इथून. याच प्रसाद यांनी नंतर 1996 मध्ये मोजक्या निरोगी तरुणांना 20 आठवडे कमी झिंकचं जेवण दिलं, त्यांचं टेस्टोस्टेरॉन 1150 च्या आसपास होतं ते 300 च्या आसपास आलं, आणि झिंक थोडं कमी असलेल्या म्हाताऱ्या माणसांना झिंक दिल्यावर त्यांचं जवळपास दुप्पट झालं.

आता यावरून दुकानात जाऊन झिंकची डबी आणायची का? कमतरता भरून काढली की फायदा होतो, ज्याचं आधीच पुरेसं आहे त्याला जास्तीचं देऊन काही मिळत नाही, टाकी भरल्यावर नळ चालू ठेवून पाणी वाहूनच जातं. उलट रोज 40 मिलिग्रॅमच्या वर बरेच दिवस घेतलं की शरीरातलं तांबं कमी होतं आणि त्याने रक्त आणि नसा दोन्हीला त्रास. पुरुषाला रोज लागतं 11 मिलिग्रॅम. मी एकदा कागद घेऊन माझ्याच ताटाचा हिशोब केला: मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम, भोपळ्याच्या बिया 2, दोन अंडी 1 च्या थोडं वर, मोठी वाटी शिजलेली मसूर अडीच, मूठभर काजू दीड. सात झाले. उरलेलं धान्य आणि दूध-दह्यातून. मांसाहार करणाऱ्याला अजून सोपं, आणि कालवं खाणाऱ्याला तर विचारायलाच नको, झिंकमध्ये त्यांच्या जवळपासही कुणी नाही. शाकाहारी माणसाची अडचण एवढीच की धान्य-कडधान्यात फायटेट असतं ते झिंकला धरून ठेवतं आणि पोटात शोषू देत नाही, त्या शिराझच्या तरुणाचं हेच झालं होतं. यावर उपाय सोपा, कडधान्य भिजवा, मोड आणा, पीठ आंबवा, फायटेट बरंच मोडतं.

व्हिटॅमिन डी चं नाव पण सगळीकडे असतं. त्याची कथा अशी की 2011 मध्ये ऑस्ट्रियातल्या एका टीमने वर्षभर रोज साधारण 3300 युनिट डी दिलं आणि टेस्टोस्टेरॉन वाढलेलं दिसलं, बातम्या झाल्या, आणि मग तिथल्याच संशोधकांनी हाच प्रश्न नीट मोठी चाचणी करून परत तपासला तर काही फरक दिसला नाही. पहिली बातमी अजून फिरते, दुसरी कुणाला माहीतच नाही. डी कमी असेल तर हाडांसाठी घ्याच, पण या आशेने नको.

सोयाबीन खाल्ल्याने पुरुषाची छाती वाढते, हे तर व्हॉट्सअॅपवर महिन्यातून एकदा येतंच. सोयामध्ये इस्ट्रोजेनशी थोडं मिळतंजुळतं असं आयसोफ्लेवोन असतं हे खरं. पण 2010 मध्ये आणि परत 2021 मध्ये, दुसऱ्या वेळी 41 अभ्यास धरून, जेव्हा सगळं एकत्र तपासलं गेलं तेव्हा पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनवर सोयाचा काही परिणाम सापडला नाही. मग ही समजूत आली कुठून, तर 2008 मध्ये एका 60 वर्षांच्या माणसाची केस छापून आली होती, त्याची छाती खरंच वाढली होती, पण तो रोज 3 क्वार्ट सोया मिल्क पीत होता. क्वार्ट म्हणजे एक लिटरपेक्षा थोडं कमी, तीन म्हणजे पावणेतीन लिटरच्या वर! थांबवल्यावर बरा झाला. इतकं कुठलंही पेय रोज प्यायलं तर काहीतरी होईलच राव.

दारूबद्दल लांबण लावत नाही. भरपूर आणि नेहमी पिणाऱ्याचं टेस्टोस्टेरॉन कमी होतं, कारण अल्कोहोल लायडिग पेशींवर थेट घाला घालतं, मेंदूचा ठोकाही बिघडवतं, आणि लिव्हर खराब झालं की इस्ट्रोजेनचं गणितही फिसकटतं. कधीतरी एखादा पेग घेणाऱ्यात असा मोठा फरक दिसत नाही.

आणि झोप, जी जेवणात येत नाही पण सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण पोरं रात्री दोन वाजता जागून टेस्टोस्टेरॉन फूड सर्च करत असतात, मीही केलंच की. 2011 मध्ये 10 निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिलं तर दिवसाचं टेस्टोस्टेरॉन 10 ते 15 टक्क्यांनी उतरलं. फॅट निम्मं केल्याने जेवढं उतरतं तेवढंच, फुकटात.

आता सप्लिमेंट. डी-अॅस्पार्टिक अॅसिड नावाच्या अमिनो अॅसिडचंच उदाहरण बघा. 2009 मध्ये 12 दिवसांच्या एका अभ्यासात याने टेस्टोस्टेरॉन 42 टक्के वाढलेलं दिसलं आणि बाजारात डब्यांचा पूर आला. 2015 मध्ये नियमित व्यायाम करणाऱ्या पुरुषांना रोज 6 ग्रॅम दिलं तर ते चक्क कमी झालं. डबे अजून विकले जातातच. गोखरूने माणसांत काही वाढत नाही हे बऱ्याच चाचण्यांत दिसलंय. मेथीचं कधी हो कधी नाही. अश्वगंधाचं थोडं वेगळं, काही छोट्या चाचण्यांत 10-15 टक्के वाढ दिसलीय, बहुतेक ताण कमी होऊन झोप सुधारल्यामुळे असावी असा माझा अंदाज, पण लिव्हरला इजा झाल्याच्या केसही नोंदल्या गेल्यात आणि डेन्मार्कने 2023 मध्ये त्यावर बंदीच घातली, तेव्हा नैसर्गिक आहे म्हणजे निर्धोक आहे असं समजून मुठी भरून खाऊ नका. 2020 मध्ये कुणीतरी 50 'टेस्टोस्टेरॉन बूस्टर' घेऊन त्यातला एकेक घटक तपासला, तर वाढवतो असा काही पुरावा असलेले घटक चौथा हिस्सा, आणि दहातला एक असा की ज्याने उलट कमी झाल्याची नोंद आहे.

जिममध्ये कुणी इंजेक्शन सुचवलं तर मात्र तिथून चालायला लागा. सुरुवातीला सांगितलं तसं, मेंदू रक्तातला आकडा बघून ठोके देतो. बाहेरून भरपूर आलं की त्याला वाटतं काम झालं, ठोका बंद, वृषणं रिकामी बसतात आणि शुक्राणू बनायचे थांबतात. हे इतकं खात्रीचं आहे की जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला 200 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून तपासून बघितलं होतं, निकाल 1990 मध्ये आला, आणि बहुतेकांत ते काम करत होतं. मूल हवंय म्हणून ताकदीचं इंजेक्शन घेणारा माणूस काय करतोय ते यावरून बघा.

खरंच कमी असण्याची लक्षणं म्हणजे इच्छा जाणं, सकाळी उठताना येणारा ताठरपणा बंद होणं, दाढी विरळ होणं, विनाकारण हिमोग्लोबिन कमी होणं, हाडं ठिसूळ होणं. नुसता थकवा म्हणाल तर तो दहा कारणांनी येतो, माझा आला होता तो झोपेचा होता. लक्षणं आहेत आणि सकाळचे दोन रिपोर्ट 300 च्या खाली, तर एलएच तपासायला लागतं, त्यावरून कळतं की बिघाड वर मेंदूत आहे की खाली वृषणात. पिट्युटरीत गाठ असेल, जन्मतः क्रोमोसोमचा दोष असेल, लहानपणी गालगुंडात वृषणांना इजा झालेली असेल, तर तिथे जेवण काही करू शकत नाही, डॉक्टरच लागतात आणि औषध म्हणून टेस्टोस्टेरॉन देणं तिथे बरोबरच असतं.

मी स्वतः काय बदललं विचाराल तर रात्री अकराला फोन दुसऱ्या खोलीत, गोड रोज होतं ते आठवड्यातून दोनदा, बियांची बरणी टेबलावर, आणि पाच महिन्यांत सहा किलो कमी. आकडा परत तपासला नाही, थकवा गेला तेव्हा गरजच वाटली नाही.

हे सगळं मी एका मित्राला सांगत होतो तर त्याने मोबाइल काढून त्याचा रिपोर्ट दाखवला. सकाळचा, उपाशीपोटीचा, 1290. चाळीस वर्षांचा माणूस, पोट टेबलाला टेकतंय आणि 1290! तू बस बिया मोजत, म्हणाला. मी विचारलं काही गोळ्याबिळ्या घेतोस का, तर म्हणाला छे, केस गळतात म्हणून त्या गोड च्युइंगच्या गोळ्या फक्त. पाकीट बघितलं, त्यात बायोटिन नावाचं व्हिटॅमिन 10 मिलिग्रॅम. माणसाला दिवसाला लागतं 30 मायक्रोग्रॅमच्या आसपास, म्हणजे हे तीनशे पटीच्या वर. आणि टेस्टोस्टेरॉन मोजायच्या काही मशिन बायोटिनच्याच चिकटपणावर चालतात, रक्तात ते जास्त असलं की मशिन फसतं आणि आकडा खोटाच फुगवून दाखवतं. त्याला सांगितलं, लॅबला विचार, तीन-चार दिवस गोळ्या बंद ठेव आणि परत रक्त दे. दोन महिने झाले, अजून गेलेला नाही. तो स्क्रीनशॉट मात्र ग्रुपवर पिन करून ठेवलाय.